कुरवांचा गुन्हा कोणता?



थंडी पडली की आपल्या किनाऱ्यावर कुरव येतात. आपली मुले त्यांना ‘सीगल’ म्हणतात. बंदरावर होड्या लागल्या की त्यांची झुंबड उडते, बोंबील वाळत घातले की तिथेही ते घिरट्या घालतात. मुंबईत एलिफंटाच्या बोटीत बसलेले लोक त्यांच्याकडे शेव-गाठ्या भिरकावतात आणि ते हवेतल्या हवेत झेलतात. एरवी ह्या पाहुण्यांविषयी कोणाची तक्रार नसते. यंदा मात्र मिस्सानंतर एका भगिनीने आम्हाला विचारले, “फादर, ह्या पक्ष्यांच्या विष्ठेत औषधाला दाद न देणारे जंतू असतात म्हणे. मग त्यांना हाकलून द्यायला नको का?” शेजारी उभ्या असलेल्या तरुणांकडे सुतळी बॉम्बचा उपाय तयारच होता. ज्या घरात तान्हे मूल आहे आणि अंगणात मासळी वाळत घातलेली असते, त्या घरातून आलेला हा प्रश्न आहे. तो हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणून आज त्याचाच विचार करू.

प्रथम खरे काय ते पाहिले पाहिजे. कुरवाच्या पोटात जंतू असतात, ही अफवा नाही. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय हे जुलाबाचे आणि तापाचे जंतू जगातील अनेक किनाऱ्यांवरील कुरवांमध्ये सापडले आहेत. पक्षी स्वतः बहुधा आजारी दिसत नाही. तो खातो, उडतो, अंडी घालतो, आणि जिथे बसतो तिथे विष्ठा टाकतो. ऑस्ट्रेलियात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील रुपेरी कुरवांपैकी पाचांत एकाहून अधिक पक्ष्यांमध्ये महत्त्वाच्या अँटिबायोटिक औषधांना न जुमानणारे जंतू आढळले. (हे सारे जीवाणूंविषयी चालले आहे. बर्ड फ्लू हा विषाणूचा रोग आहे, त्याची गोष्ट वेगळी. दोन्हींची मिसळ करून घाबरण्याचे कारण नाही.)

ह्याच देशातील आणखी एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तो आम्हाला फार बोलका वाटतो. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर रुपेरी कुरवांच्या तीन वसाहती निवडण्यात आल्या. एक सिडनी बंदरातील व्हाइट बे, दुसरी वोलोंगाँग शहरासमोरची फाइव्ह आयलंड्स ही बेटे, आणि तिसरी दक्षिणेकडचे माँटेग्यू बेट. तिन्ही ठिकाणी मिळून ५०४ पिलांचे नमुने घेण्यात आले. साल्मोनेला पुष्कळ सापडला. पण त्याहून भयंकर असे जे जंतू आहेत, जे कार्बापेनेम नावाच्या औषधांनाही पुरून उरतात, ते फक्त एकाच वसाहतीत मिळाले. फाइव्ह आयलंड्सवरील पिलांपैकी ४० टक्के पिलांमध्ये. कार्बापेनेम ही औषधे कधी वापरतात हे ज्यांनी आपले माणूस अतिदक्षता विभागात ठेवले आहे त्यांना सांगायला नको. बाकीची औषधे हरली की डॉक्टर ह्यांच्याकडे वळतात. त्या पिलांमध्ये सापडलेला प्रतिकाराचा गुण ऑस्ट्रेलियातील माणसांच्या इस्पितळांत आधीपासून ओळखीचा होता.

आता नीट पाहा. जात एकच, किनारा एकाच राज्याचा. फरक पक्ष्याच्या स्वभावात नव्हता, त्याच्या वाट्याला आलेल्या परिसरात होता. आणि ज्यांच्यात जंतू सापडले ती पिले होती. ती कुठे उडून गेली नव्हती. आईबापांनी चोचीतून जे भरवले ते त्यांनी गिळले, आणि आईबापांनी बाहेर जे मिळाले ते आणले. कुरव मेलेली मासळी खातो तसा कचऱ्याचा डोंगरही उकरतो आणि सांडपाणी जिथे समुद्राला मिळते तिथेही चोच मारतो. कार्बापेनेम काही समुद्रात उगवत नाही आणि कुरवाला ते कोणी लिहून देत नाही.

जंतू हे शिकतात कसे, हे दोन वाक्यांत सांगायला हवे. औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात, आणि उरलेले आपला चिवटपणा जनुकांच्या लहान तुकड्यांतून शेजारच्या जंतूंना देऊ शकतात, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूंनासुद्धा. आपण घेतलेल्या कित्येक अँटिबायोटिक औषधांचा मोठा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणजे गटारात औषध असते, जंतू असतात, आणि त्यांना एकमेकांना भेटायला वेळही असतो. गटार ही त्यांची शाळाच म्हणा ना. ती कोणी चालवली, हा खरा प्रश्न आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्विनस ह्यांनी केलेला एक भेद पाठ करावा लागे. माणसाच्या हातून घडते ते सगळेच ‘मानवी कृत्य’ नव्हे. झोपेत आपण कूस बदलतो, नकळत दाढी कुरवाळतो. ती माणसाने केलेली हालचाल आहे खरी, पण तिच्यात समज आणि इच्छा नाही. समजून आणि ठरवून जे करतो त्याचाच जाब विचारता येतो. हा भेद परीक्षेपुरता वाटे. पण रोगराईच्या काळात तो जीवनमरणाचा होतो, कारण रोगराईत ‘कोणामुळे झाले?’ आणि ‘कोणाचा दोष?’ हे दोन प्रश्न आपण एकच समजतो. ते एक नाहीत. अंगणातल्या मासळीवर जंतू कोणामुळे आले, ह्याचे उत्तर ‘कुरवामुळे’ असे असू शकते. कोणाच्या दोषामुळे आले, ह्याचे उत्तर तो पक्षी देऊ शकत नाही.

इथे कोणी म्हणेल, पक्ष्याला कोण दोषी म्हणतो आहे, आम्हाला फक्त तो इथे नको आहे. बरोबर आहे. दोष नसला तरी धोका टाळण्याचा हक्क माणसाला असतो. पण धोका टाळता टाळता आपण शिक्षा द्यायला केव्हा लागतो, हे कळत नाही. ह्याचे एक जुने उदाहरण आहे, आणि ते पक्ष्याचे नाही, बाईचे आहे.

मेरी मॅलन ही आयर्लंडहून अमेरिकेत गेलेली गरीब घरची बाई. जन्म १८६९चा. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांच्या घरी ती स्वयंपाक करी. १९०६ साली एका घरात अकरापैकी सहा जणांना विषमज्वर झाला. शोध घेत घेत माग मेरीपर्यंत आला. ती ठणठणीत होती. तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू राहत होते, तिला मात्र त्यांनी काही केले नव्हते. १९०७ साली तिला धरून नॉर्थ ब्रदर नावाच्या बेटावर ठेवण्यात आले. १९१० साली ‘पुन्हा स्वयंपाक करणार नाही’ ह्या अटीवर सोडण्यात आले. तिने काही काळ धुणे धुतले, त्यात भागेना. नाव बदलून ती पुन्हा चुलीपाशी गेली, आणि तीही एका प्रसूतिगृहाच्या! १९१५ साली तिथे पंचवीस जणांना लागण झाली, दोघे मरण पावले. मेरीला पुन्हा बेटावर नेले, आणि १९३८ साली ती तिथेच वारली. ब्रॉन्क्समधील संत लूकच्या देवळात तिची अंत्यविधीची मिस्सा झाली, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती.

मेरीला निर्दोष म्हणणे आम्हाला जमत नाही. पहिल्या वेळी तिला माहीत नव्हते. दुसऱ्या वेळी तिला सांगितलेले होते, तिने त्यावर विश्वास ठेवला नाही, ठेवायची इच्छाही नव्हती. दोन माणसे मेली. पण तिच्या हयातीतच न्यूयॉर्कमध्ये तिच्यासारखेच शेकडो धडधाकट रोगवाहक सापडले होते. त्यांच्यापैकी कोणालाही एवढी वर्षे कोंडले गेले नाही. ती एकटी होती, परकी होती, मोलकरीण होती, आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘टायफॉइड मेरी’ हे नाव दिले होते. एकदा रोगाला एखाद्याचे नाव मिळाले की बाकीच्यांना हायसे वाटते. आज त्या बेटावर माणसांची वस्ती नाही. ते पक्ष्यांसाठी राखून ठेवलेले आहे.

नावाने काय होते, हे आपण भारतीयांनीही अनुभवले आहे. २००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णात कार्बापेनेमला न जुमानणारा जंतू सापडला. तो रुग्ण आधी दिल्लीच्या इस्पितळात होता. म्हणून त्या जंतूच्या प्रतिकाराच्या हत्याराचे नाव ठेवले ‘न्यू दिल्ली’, म्हणजेच एनडीएम-१. २०१० साली हे नाव जगभर झाले तेव्हा आपल्याकडे केवढा संताप उसळला होता! शहराची, देशाची बदनामी, असे सारे म्हणाले. तो संताप अगदीच चुकीचा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या रोगांना नावे देण्याविषयी सूचना काढल्या, त्यांत गावाचे, माणसाचे आणि प्राण्याचेही नाव रोगाला देऊ नये असे सांगितले आहे. पण मधल्या काळात, २०११ साली, आणखी एक गोष्ट झाली. दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या व झिरपणाऱ्या पाण्याचे १७१ नमुने तपासले गेले. त्यांतील ५१ नमुन्यांत तो प्रतिकार सापडला. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांतही दोनांत सापडला. नावावर रागावणे सोपे होते. पाणी तसेच होते.

तेव्हा जंतूचे वाहक म्हणून आपल्याकडे बोट दाखवले गेले की आपण म्हणतो, मूळ शोधा. कुरवाकडे आपण बोट दाखवतो तेव्हा मुळाची आठवण होत नाही.

मूळ शोधायला फार लांब जावे लागणार नाही. मुंबईच्या सांडपाण्यातील मोठा भाग वर्षानुवर्षे केवळ गाळून, वरचा कचरा काढून, वरळी आणि वांद्रे येथून सुमारे साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडला गेला. पूर्ण शुद्धीकरणाची नवी केंद्रे उभारण्याची कंत्राटे २०२२ साली दिली गेली. समुद्रात अंघोळ करण्याजोग्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतील जंतू शंभराच्या वर नसावेत, असा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. भरतीच्या वेळी नाल्याच्या तोंडाशी उभे राहून ज्याला अंदाज करायचा असेल त्याने करावा.

महानगराला नावे ठेवून मात्र आपली सुटका होत नाही. आपल्या गावांत गटारयोजना नाही. घराघरांत सेप्टिक टँक आहेत. टाकी भरली की आपण टँकरला फोन करतो. टँकर येतो, पाइप सोडतो, अर्ध्या तासात काम उरकून जातो. आपण पैसे देतो. तो कुठे रिकामा होतो, हे आपण विचारत नाही. खाडीकडच्या रस्त्याने रात्री टँकर जाताना पुष्कळांनी पाहिले आहेत, आणि पाहूनही ते कुठे जातात हे आपल्याला ‘माहीत नाही’.

ह्या ‘माहीत नाही’ला अक्विनस ह्यांनी एक वेगळे नाव दिले आहे. काही अज्ञान असे असते की ते माणसाच्या हातात नसते. ते दोषातून सोडवते. पण काही अज्ञान माणूस जपून ठेवतो, कारण कळले तर काहीतरी करावे लागेल. त्याला ते ‘पत्करलेले अज्ञान’ म्हणतात, आणि ते दोष कमी करीत नाही. त्यांच्या आधी ॲरिस्टॉटलने दारुड्याचे उदाहरण दिले होते. नशेत गुन्हा करणाऱ्याला कळत नव्हते हे खरे, पण न कळण्याची ती अवस्था त्याने स्वतः ओढवून घेतली होती. म्हणून काही ठिकाणी त्याला दुप्पट शिक्षा असे.

आम्हाला वाटते, सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. कुरवाचे अज्ञान जन्माचे आहे. मेरीचे अर्धे खरे आणि अर्धे हट्टाचे. आपले मात्र आपण दर दोन-तीन वर्षांनी टँकरच्या पैशांबरोबर विकत घेतो. तापाच्या तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या बंद करणे, उरलेल्या गोळ्या शेजारणीच्या मुलाला देणे किंवा संडासात टाकणे, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ‘ती मागची स्ट्रिप’ मागणे, ह्यालाही तेच नाव. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात माणसाची राखीव औषधे मिसळली जात होती. कोलिस्टिन नावाचे असे एक औषध खाद्यासाठीच्या जनावरांत वापरायला २०१९ साली सरकारने बंदी घातली. तोवर कितीतरी रविवारी आपण चिकन आणले आणि कोंबडीने काय खाल्ले हे विचारले नाही.

“पण फादर, माझ्या एका टाकीने समुद्र बिघडतो का?” हा प्रश्नही येणारच. अकबर-बिरबलाची हौदाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येकाने रात्री एक घागर दूध ओतायचे होते. प्रत्येकाने विचार केला, एवढ्या दुधात माझी एक घागर पाणी कोणाला कळणार? सकाळी हौदात पाणीच पाणी. ती गोष्ट ऐकून आपण हसतो, कारण लबाडी उघड आहे. आपल्या प्रश्नात लबाडीही नसते, फक्त हिशेब असतो. माझा वाटा लाखातला एक, म्हणून दोषही लाखातला एक, म्हणजे जवळजवळ शून्य. हा हिशेब आम्हाला मान्य नाही. दोष हा काही खोबरे नव्हे, की जास्त माणसांत वाटला म्हणजे प्रत्येकाच्या हातात कमी येईल. दहा जणांनी मिळून एकाला मारले तर प्रत्येक जण एकदशांश खुनी होत नाही. २०१९ ह्या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट मेलेल्यांचा जगभरचा अंदाज सुमारे १२ लाख ७० हजार आहे. ह्यातील कोणता मृत्यू कोणाच्या खात्यावर मांडायचा हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून तो कोणाच्याच खात्यावर नाही असे ठरत नाही.

जुन्या करारात, लेवीय ग्रंथात, पापाचा बकरा रानात सोडण्याचा विधी आहे. बळीचा बकरा हा शब्द आपण रोज वापरतो. पण त्या विधीतला एक तपशील आपण विसरतो. बकऱ्याला हाकलण्याआधी याजकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापे मोठ्याने उच्चारायची असत. म्हणजे आधी कबुली, मग बकरा. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढे रण माजले! पक्षी मारक आहेत की पवित्र, ह्यावर दोन्ही बाजूंनी घसा कोरडा झाला. कुरवांचा प्रश्न तिथवर जाऊ नये असे आम्हाला वाटते.

तर मग हाकलावे की नाही? हाकलण्याने काहीच होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. शिकागोला मिशिगन सरोवराच्या चौपाटीवर शिकवलेली कुत्री सोडून कुरव पिटाळले, तेव्हा तिथल्या पाण्यातील ई. कोलाय कमी झाल्याचे दिसले. म्हणजे पक्ष्याच्या विष्ठेचा स्वतःचाही वाटा असतो. वाळत घातलेल्या मासळीवर जाळे टाका, मुलांनी वाळूत खेळून आल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि शेव-गाठ्या खिशातच राहू द्या, कारण खाऊ घातल्याने माणसांच्या वस्तीत गर्दी वाढते. औषधाला न जुमानणारा जंतू उकळत्या पाण्याला आणि तापलेल्या तव्याला मात्र इतर जंतूंइतकाच जुमानतो. तेव्हा धुतलेल्या आणि नीट तळलेल्या बोंबलाला घाबरू नका. कालवे कच्ची खाऊ नका. एवढे पुष्कळ आहे. सुतळी बॉम्बने पक्षी पुढच्या गावच्या मासळीवर जाऊन बसेल, आणि नाल्यातले पाणी वाहतच राहील.

आणखी एक गोष्ट मनात येते. आपल्याकडे येणाऱ्या कुरवांमध्ये तपकिरी डोक्याचे कुरव पुष्कळ असतात. उन्हाळा लागला की ते परत जातात. तिबेट आणि लडाखच्या उंच सरोवरांकाठी, त्सो मोरीरी आणि त्सो कार इथे, त्यांची घरटी असतात. त्याच कुरणांवर चांगपा लोक मेंढ्या आणि पश्मीन्याच्या शेळ्या चारतात. कुरव मेंढ्यांपर्यंत जंतू नेऊ शकतो, असा निष्कर्ष अभ्यासकांनी १९८३ सालीच साल्मोनेलाविषयी काढला होता. चांगपा मेंढपाळाने आपली खाडी पाहिलेली नाही. आपल्या गावात कोणत्या टाकीचे पाणी कुठे जाते, हे विचारण्याची सोय त्याला नाही. ती आपल्याला आहे.

पुढच्या रविवारी सकाळच्या दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या सभागृहात ह्याविषयी बसायचे ठरले आहे. येताना आपल्या घरची टाकी शेवटची कधी उपसली, टँकर कोणाचा होता आणि तो कुठे रिकामा केला, एवढे लिहून आणावे. ज्यांना तिसऱ्याचे उत्तर माहीत नाही, त्यांनी मधल्या आठवड्यात टँकरवाल्याला फोन करून विचारावे.